जुनी लार्ज फॉरमॅट लेन्स घेताना काचेआधी शटर बघा

चार बाय पाच इंचांच्या फिल्मचा लार्ज फॉरमॅट कॅमेरा हाती आला की माणूस दुसऱ्या दिवशीच लेन्स शोधायला लागतो. शोधायला लागला की कळतं, 'नवी घ्यावी की जुनी' हा प्रश्न इथे जवळपास उरलेलाच नाही. निकॉन आणि फुजीने या लेन्स बनवणं कधीच सोडलं, या लेन्समध्ये बसणारी कोपाल कंपनीची यांत्रिक शटर्सही बंद झाली. आज जे विकायला आहे ते बहुतेक सगळं कुणाच्या तरी स्टुडिओतून, छापखान्यातून नाहीतर कपाटातून बाहेर पडलेलं आहे. त्यामुळे जुना माल पारखता येणं हा या छंदातला पहिला धडा, एक्स्पोजर त्यानंतर.

मी पहिल्या दोन लेन्स छोट्या (३५ मिमी) कॅमेऱ्याच्या सवयीने घेतल्या. टॉर्च मारून काच बघितली, धूळ मोजली, आरपार स्वच्छ दिसतंय म्हणून खूश झालो. दोन्ही वेळा फसलो, आणि दोन्ही लेन्सची काच आजही आरशासारखी आहे. एकीचं शटर गेलं होतं, दुसरीचं वर्तुळ, म्हणजे ती मागे टाकते ती गोल प्रतिमा, अपुरं होतं.

आधी आपला कॅमेरा मोजा

बाजारात जाण्याआधी तीन मापं कागदावर लिहा. फिल्मचा आकार, भाता (लेन्स आणि फिल्म यांमधली घडीची पिशवी) पूर्ण ताणल्यावर होणारी लांबी, आणि लेन्सबोर्डचं (लेन्स बसवायच्या पाटीचं) माप. भात्याचं गणित सोपं आहे. दूरचं दृश्य फोकस करायला साधारण लेन्सच्या फोकल लेंग्थइतका भाता लागतो आणि जवळ जावं तसा जास्त. एखादी वस्तू फिल्मवर तिच्या खऱ्या आकारात हवी असेल तर थेट दुप्पट. म्हणजे २५० मिमी ताणल्या जाणाऱ्या भात्यावर ३०० ची साधी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी बिनकामाची. अपवाद खऱ्या टेलिफोटो बांधणीच्या लेन्सचा. उदाहरणार्थ, निकॉनच्या निक्कोर-टी ३६० ला अनंतावर (म्हणजे दूरच्या दृश्याला) सुमारे २६१ मिमीच भाता पुरतो.

चार बाय पाचवर १५० म्हणजे छोट्या कॅमेऱ्यावरची साधारण ५०, असं समजून चाला. ९० म्हणजे चांगली वाइड. पहिली लेन्स १५० घ्या असं बहुतेक जण सांगतात. मी २१० सांगतो. स्टुडिओवाल्यांनी ती ढिगाने वापरली, त्यामुळे बाजारात भरपूर आहे. माणसांच्या फोटोला ती बरी, आणि उद्या पाच बाय सातचा कॅमेरा घेतलात तर तिथेही चालते.

वर्तुळ

छोट्या कॅमेऱ्यात हा विषय येतच नाही, त्यामुळे नवखे इथेच अडकतात. लेन्स मागे गोल प्रतिमा टाकते आणि त्या गोलात तुमची फिल्म बसायला हवी. चार बाय पाचच्या होल्डरमध्ये प्रत्यक्ष उघडी राहणारी फिल्म साधारण ९६ बाय १२० मिमी, तिचा कर्ण सुमारे १५३. म्हणजे निदान १५३ मिमीचं वर्तुळ हवंच. पण एवढंच असेल तर लेन्स वर-खाली सरकवायला जागा नाही, आणि सरकवायचं नसेल तर एवढा मोठा कॅमेरा खांद्यावर वाहून नेण्यात काय मजा?

माझी फसलेली दुसरी लेन्स म्हणजे श्नायडर या जर्मन कंपनीची ९० मिमी एफ ६.८ ची जुनी अँग्युलॉन. लहानशी, खिशात मावणारी, किंमत बघून मी घासाघीसही केली नाही. तिचं वर्तुळ चार बाय पाचला जेमतेम पुरतं. वाड्याचा दिंडी दरवाजा काढताना लेन्स पंधरा मिमी वर घेतली आणि आकाशाचे दोन्ही कोपरे काळे आले. नावात फक्त 'सुपर' जोडलेली सुपर-अँग्युलॉन ९० एफ ८ ही वेगळीच वस्तू आहे. एफ २२ ला तिचं वर्तुळ २१६ मिमी. त्रिज्या १०८, आडव्या फिल्मची अर्धी रुंदी ६०, पायथागोरस लावला की वर सरकवायला सुमारे ४० मिमी मिळतात. शिखर, मनोरा, चार मजली इमारत, सगळं त्यात येतं. निक्कोर-एसडब्ल्यू ९० एफ ८ चं वर्तुळ २३५, आणखी ऐसपैस.

तेव्हा नाव पूर्ण वाचा. फोकल लेंग्थ, एफ आकडा आणि त्या दोन-तीन जोडअक्षरांसकट. निर्मात्यांची जुनी पत्रकं स्कॅन होऊन इंटरनेटवर पडलेली आहेत. त्यात प्रत्येक लेन्सचं वर्तुळ दिलेलं असतं, तो आकडा बघितल्याशिवाय होकार देऊ नका. मोठ्या वाइड लेन्सचं मागचं भिंग जाडजूड असतं, ते आपल्या कॅमेऱ्याच्या पुढच्या भोकातून आत जातं का, हेही मोजा.

शटर

आता मुख्य गोष्ट. या लेन्समध्ये शटर कॅमेऱ्यात नसतं, लेन्सच्या दोन भागांच्या मधोमध असतं. पुढचा भाग आणि मागचा भाग आट्यांनी त्यात बसतात. काच शंभर वर्षं टिकते. शटर म्हणजे स्प्रिंगा, दातेरी चाकं आणि सुकत जाणारं तेल.

लोक शटर तपासताना डायल थेट १/५०० वर नेतात, खटकन आवाज आला की समाधानी होतात. हे उलटं आहे. १०० आयएसओच्या फिल्मवर भर उन्हात एफ ३२ ला साधारण १/२५ लागतो, सावलीत गेलात की अर्धा सेकंद, एक सेकंद. आपलं सगळं आयुष्य १ सेकंद ते १/६० याच पट्ट्यात जातं. तेल सुकलं की नेमके हेच संथ वेग आधी बिघडतात.

शटर चढवा (म्हणजे खटका ओढून स्प्रिंग ताणा), डायल १ वर ठेवा आणि कान जवळ न्या. निरोगी शटरचा आवाज एकसंध येतो, शिवणयंत्र दूरच्या खोलीत चालावं तसा. आजारी शटर 'घर्रर्र… घ्… र्र' करतं, मध्ये दम घेतं, कधी पाती अर्धवट उघडी टाकून थांबतंच. पहिल्यांदा अडकलं तर पाच-सहा वेळा चालवून बघा. कपाटात पडून आखडलेलं शटर कधीकधी मोकळं होतं. मात्र विकणाऱ्याने तुमच्यासमोर ते आधीच दहा वेळा चालवलेलं असेल, तर थोडा वेळ चहा प्या आणि मग परत बघा.

मोजायचं असेल तर मोबाइल पुरतो. २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये आरपार दिव्याकडे धरून शटरचं चित्रण करा आणि पाती उघडी असलेल्या फ्रेम मोजा. १ सेकंदाला २४०, १/८ ला ३०, १/३० ला ८, १/६० ला ४ यायला हव्यात. त्यापुढच्या वेगांना ही रीत कामाची नाही, आणि त्यांची आपल्याला फारशी गरजही नाही. वेग पंचवीस टक्क्यांनी चुकत असेल पण दर वेळी तेवढाच चुकत असेल, तर काळजी नको. एकदा २००, एकदा ३१० अशा फ्रेम येत असतील तर सर्व्हिसचा खर्च धरा.

दोन सावधगिऱ्या. कॉम्पुर या जुन्या जर्मन शटरमध्ये एकदा शटर चढवल्यावर डायल सर्वांत वरच्या वेगावर नेऊ नका, तिथे जादा स्प्रिंग असते. वेग आधी, चढवणं मग. आणि 'व्ही' लिहिलेली खुंटी दिसली तर तिला हातच लावू नका. तो सेल्फ टायमर आहे, चाळीस वर्षं झोपलेला, आणि मधेच अडकला की अख्खं शटर घेऊन बसतो.

कोपालचे आकार तीन: ०, १ आणि ३. बोर्डला भोकं अनुक्रमे सुमारे ३५, ४२ आणि ६५ मिमी लागतात. ३ नंबरचं शटर मोठं, जड, आणि त्याचा सर्वांत वरचा वेग फक्त १/१२५.

मग काच

काचेबाबतीत मी बराच उदार झालोय. फिल्म मोठी, त्यामुळे प्रिंट करताना फार मोठं करावं लागत नाही, आणि पुढच्या भिंगावरचे पुसण्याचे बारीक ओरखडे निगेटिव्हवर दिसत नाहीत. समोरून प्रकाश आला तर थोडा कॉन्ट्रास्ट जातो, त्यावर हूड हा इलाज. एखादा खोल टवका असेल तर जुने लोक त्यात काळ्या शाईचा ठिपका भरतात. बघायला भयानक दिसतं, पण काम करतं. मागच्या भिंगावरच्या खुणांना मात्र मी जास्त घाबरतो.

श्नायडरच्या लेन्समध्ये आतल्या कडेने पांढरे ठिपके दिसतात, जणू रव्याचे कण सांडलेत. भिंगाच्या कडेला लावलेला काळा रंग सुटल्याने ते होतं, आणि या आजाराला लोकांनी गमतीने 'श्नायडरायटिस' नाव दिलंय. चित्राला त्याचा काही त्रास नाही. विकणारा मात्र त्यामुळे खाली येतो. माझी आवडती २१० सिमार-एस अशीच ठिपक्यांमुळे स्वस्तात मिळाली.

घाबरावं असं दोन गोष्टींना. एक, चिकटवलेली भिंगं सुटणं. कडेला तेलाच्या तवंगासारखे इंद्रधनुषी पट्टे दिसतात आणि ते हळूहळू मध्याकडे सरकतात. जुन्या लेन्समध्ये भिंगं कॅनडा बाल्समने चिकटवलेली असत, ती उघडून परत चिकटवणं हे आपल्या गल्लीतल्या मेकॅनिकचं काम नाही. दोन, बुरशी. मुंबई-कोकणातल्या लेन्समध्ये ती असणारच असं धरून चाला. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे वरच्या थरावर असतील तर निघतात; कोटिंग खाऊन खाली गेलेली बुरशी पुसल्यावरही आपलं चित्र काढून जाते.

या लेन्सचा एक मोठा फायदा नवख्यांना माहीत नसतो. पुढचा आणि मागचा भाग हाताने आटे फिरवून निघतो. छोट्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये आत बसलेली हेझ (धुरकट थर) म्हणजे कारागिराकडे फेरी. इथे शटरकडच्या दोन्ही बाजू घरच्या टेबलावर पुसता येतात. म्हणून विकत घेताना विचारा, 'उघडून बघू का?' नाही म्हणाला तर कारण विचारा.

साताऱ्याकडच्या एका बंद स्टुडिओत मी असंच विचारलं. काकांनी काळ्या कापडात गुंडाळलेला अर्धा प्लेटचा (जुन्या काचेच्या प्लेटच्या मापाचा) लाकडी कॅमेरा पुढे सरकवला आणि म्हणाले, "बघा की. फक्त ती पातळ रिंग पडेल, ती हरवू नका. वडील म्हणायचे, ही गेली की लेन्स गेली." ती कागदाइतकी पातळ पितळी रिंग पुढच्या भागाच्या आट्यांवर बसलेली होती. दोन भागांमधलं अंतर ती राखते. अशी रिंग असलेल्या लेन्समधून ती हरवली तर कोपरे मऊ पडतात, आणि का ते कुणालाच कळत नाही. मी तोवर तीन लेन्स घेतल्या होत्या आणि या रिंगेबद्दल मला काहीही माहीत नव्हतं.

जोडी जमलेली आहे का

पुढचा भाग एका लेन्सचा, मागचा दुसरीचा, शटर तिसऱ्याच कुणाचं, असे खिचडी नग फिरत असतात. मागच्या भागावर नाव किंवा नंबर असेल तर पुढच्याशी ताडून बघा. शटरवरची छिद्राच्या (अ‍ॅपर्चरच्या) आकड्यांची पट्टी त्याच लेन्सची आहे ना, हे फूटपट्टीने कळतं. फोकल लेंग्थला एफ आकड्याने भागा. २१० ची लेन्स एफ २२ ला पुढून बघितल्यावर छिद्र साधारण साडेनऊ मिमी दिसायला हवं. बारा-तेरा दिसत असेल तर पट्टी दुसऱ्या लेन्सची.

जुन्या सिमारवर पांढऱ्या आकड्यांबरोबर हिरवे आकडे दिसतात. १५० एफ ५.६ ची सिमार असेल तर हिरवे आकडे २६५ मिमीचे. पुढचा भाग काढून फक्त मागच्यावर फोटो काढायची ती सोय आहे. चित्र थोडं मऊ येतं, पण चेहऱ्यांना ते शोभतंही. या सिमार नंतरच्या सिमार-एसपेक्षा स्वस्त जातात आणि शिकायला उत्तम.

नावावरून पैसे वाचवायची आणखी एक जागा. कॅल्टार टू-एन ही रोडेनस्टॉक या जर्मन कंपनीची सिरोनार-एन, फक्त अमेरिकी विक्रेत्याच्या नावाने. कॅल्टार-एस टू म्हणजे सिमार-एस. सिनारॉनही रोडेनस्टॉककडूनच बनून येत. काच तीच, नाव हलकं, म्हणून बहुधा भावही हलका.

मागची कडी, म्हणजे बोर्डाच्या मागून शटर आवळणारी रिंग, आहे ना ते बघायला विसरू नका. ती नसेल तर लेन्स घरी येऊन टेबलावर बसून राहते.

भाव कसा ठरवायचा

'मागितलेली किंमत' ही कुणाची तरी इच्छा असते. बघायचा तो विकला गेलेला भाव. ईबेवर विक्री पूर्ण झालेले सौदे वेगळे बघता येतात, गेल्या दोन-तीन महिन्यांतले पाच-सहा काढा, सर्वांत वरचा आणि खालचा सोडून द्या.

मग वजाबाकी. हे आकडे फक्त रीत दाखवायला घेतोय. समजा, चांगला चालू नग २४,००० ला जातोय. समोरच्या नगाचं शटर अडखळतंय, सर्व्हिसचे ३,५०० गेले. मागची कडी नाही, ८०० गेले. बरोबर बोर्ड मिळतोय पण तुमच्या कॅमेऱ्याचा नाही, त्याचा भाव शून्य. उरले १९,७००. १७ पासून सुरुवात करा आणि २० च्या पुढे जाऊ नका. श्नायडरायटिससाठी मी स्वतः काही वजा करत नाही, पण बोलताना त्याचा उल्लेख जरूर करतो.

लेन्सच्या किमतीला तळही असतो. चालू कोपाल शटर नुसतंही विकलं जातं, कारण शटर नसलेल्या चांगल्या काचा घेऊन बसलेली माणसं खूप आहेत. काच फुटलेली असली तरी शटरचा भाव उतरत नाही. याउलट शटर पूर्ण गेलं असेल तर फक्त काचेचा भाव द्या, 'दुरुस्त होईल' या शब्दाचे पैसे देऊ नका. माझ्या पहिल्या लेन्सच्या वेळी मी नेमके तेच दिले.

एक लक्षात ठेवा, भाव गुणवत्तेपेक्षा वजनावर आणि दुर्मिळतेवर जास्त हलतो. निक्कोर-एम ३०० एफ ९ आणि फुजीनॉन-ए २४० एफ ९ महाग, कारण दोन्हींना ५२ मिमीचा फिल्टर पुरतो आणि डोंगर चढणाऱ्यांना त्या हव्या असतात. चित्र स्टुडिओतल्या जाडजूड एफ ५.६ वाल्यांचंही तितकंच धारदार, आणि तुमचा कॅमेरा घराबाहेर फारसा पडणार नसेल तर हलकेपणाचे पैसे कशाला भरायचे?

कुठे शोधायची

मुंबईत चोर बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे हौसेने फिरा, पण आधुनिक शटरवाली लेन्स तिथे क्वचितच निघते. पितळी लेन्स दिसतात, आणि 'अँटिक' म्हटलं की आकड्यापुढे शून्य वाढतं. जुन्या पेट्झव्हल पद्धतीच्या (पोर्ट्रेटसाठीच्या) लेन्समध्ये मागची दोन भिंगं कुणीतरी पुसताना उलटी बसवलेली असण्याची शक्यता बरीच. पहिली लेन्स म्हणून पितळेच्या नादी लागू नये, असं माझं मत.

दुर्लक्षित जागा म्हणजे बंद पडलेले छापखाने. डीटीपी यायच्या आधी ऑफसेटच्या पानांची निगेटिव्ह प्रोसेस कॅमेऱ्यावर निघत, आणि त्यांच्या लेन्स अतिशय काटेकोर असत: अपो-निक्कोर, अपो-रोनार, जी-क्लॅरॉन. कॅमेरे भंगारात गेले, लेन्स ड्रॉवरमध्ये राहिल्या. त्यांना बहुधा शटर नसतं. नंतरच्या जी-क्लॅरॉनचे भाग मात्र थेट शटरमध्ये बसतात, १५० चे कोपाल ० मध्ये, २१० आणि २४० चे कोपाल १ मध्ये. बाकीच्यांसाठी एफ ४५ वर जा, सावलीतला विषय घ्या, आणि जुन्या स्टुडिओवाल्यांसारखी टोपी काढून 'एक, दोन, तीन' मोजून परत लावा.

परदेशातून मागवताना जपानी विक्रेत्यांकडे माल भरपूर आहे. मथळ्यात 'नियर मिंट' लिहिलेलं असतं आणि खाली तिसऱ्या ओळीत 'थोडी हेझ'. तिसरी ओळ वाचा. टॉर्चसह दोन्ही बाजूंचे फोटो आणि १ सेकंदावर शटर चालल्याचा व्हिडिओ मागा. चांगला विक्रेता दोन्ही देतो. सीमाशुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर नाही, तर भाडं आणि विमा धरून काढतात आणि त्यावर जीएसटी. दर बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या दिवशीचा दर लावून पूर्ण बेरीज करा. बऱ्याचदा ती बघून नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाची 'महाग' लेन्स एकदम स्वस्त वाटायला लागते.

घरी आल्यावर

पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढा. मग पहिल्याच दिवशी पाच-सहा शीट खर्च करा. एक अनंतावर पूर्ण उघड्या छिद्रावर, एक एफ २२ ला, एक लेन्स वर सरकवून, उरलेल्या संथ वेगांवर. फिल्म महाग वाटत असेल तर फोटो पेपर कापून होल्डरमध्ये घाला, शटर आणि वर्तुळ तपासायला तो पुरतो. परत करायची मुदत संपण्याआधी हे उरकलं पाहिजे.

पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या डब्यात ठेवू नका, बुरशीला चामडं आवडतं. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा चालेल, महिन्यातून एकदा लेन्स काढून उजेडात धरा, शटर दहा-बारा वेळा चालवा आणि न चढवता ठेवून द्या.

माझ्या २१० च्या बोर्डामागे एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: '१ म्हणजे १.३, १/२ म्हणजे ०.६, १/३० म्हणजे १/२५, बाकी ठीक.' गेली चार वर्षं तीच वाचून मी फोटो काढतोय.